विहिणीला सुतक नसतं

रामघाट, वाराणसी
९ नोव्हेंबर २०२४

चि. मधुरा हिला आईचे आशीर्वाद.

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. माझा फोन गंगार्पण झाला. नावेत उभी राहून घाटांचा फोटो काढत होते, तेवढ्यात नावाड्यानं नाव वळवली आणि माझ्या हातात नुसतं कव्हर उरलं. तुझे सासरे पोट धरून हसले. म्हणाले, "विहीणबाई, काशीत येऊन आवडतं काहीतरी सोडायचंच असतं, तुम्ही जरा महागातलं सोडलंत."

त्यांनी स्वतः काय सोडलं असेल? कारलं! गुरुजींसमोर हातावर पाणी घेऊन चांगला संकल्प केला. गुरुजींनी शंका आली म्हणून विचारलं, "कारलं इतकं आवडतं आपल्याला?" तर हे गृहस्थ म्हणतात, "जीव की प्राण." म्हणजे आता तू पुण्याहून रोज सकाळी फोन करून "बाबा, कारल्याचा रस घेतला का?" असं विचारलंस की ते धर्माची आडकाठी पुढे करणार. डायबेटीस आहे त्यांना, गंमत नव्हे. संध्याकाळी त्याच तोंडानं जिलबी खाल्ली. मी ओरडले तर मलाच अर्धी दिली.

त्यांच्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं, पण ते शेजारी उभे राहून ऐकतात आणि मधेमधे सूचना करतात. म्हणून पत्र.

तू आणि केयूरनं तिकिटं हातात ठेवलीत तेव्हा मी किती कुरकुर केली होती. विहीण आणि व्याही, दोघंच काशीला? सांगलीत आमच्या गल्लीत काय काय बोलतील! तू म्हणालीस, "आई, तू एकटी, बाबा एकटे, दोघांना काशी बघायचीय, गुरुजींच्या घरी वेगवेगळ्या खोल्या आहेत, जा की." बरं झालं आले. यज्ञेश्वर गुरुजींचं घर रामघाटावर आहे, चार-पाच पिढ्या इथेच. मराठी यात्रेकरू उतरतात त्यांच्याकडे. कालिंदीवहिनी, म्हणजे गुरुजींची बायको, आमटी झकास करतात आणि मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात. मला म्हणाल्या, "ताई, तुमची आवाज फार बुलंद आहे हो."

बुलंद असणारच. सांगली स्टँडवर सगळी नोकरी माइकपुढे केली. त्याचा इथे उपयोग झाला. काल पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत तुझे सासरे हरवले. एक गाय आडवी आली, मी डावीकडे गेले, ते उजवीकडे. फोन खोलीवर विसरलेले. मी मशिदीखालच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि स्टँडवर करायची तशी घोषणा केली. "नाशिकचे रत्नाकरराव, जिथे असतील तिथून पंचगंगा घाटावर यावे, त्यांची सहप्रवासी वाट बघत आहे." साधू, नावाडी, परदेशी पाहुणे, सगळे थांबले. पाच मिनिटांत ते एका बोळातून बाहेर आले, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "असा आवाज असेल तर माणसानं मुद्दाम हरवावं."

आज गंगापूजन झालं. गर्दी होती म्हणून गुरुजींनी आम्हाला एकाच पाटाशी बसवलं. भर पूजेत कुठे काही बोलायचं, म्हणून मी गप्प बसले. छान झाली पूजा.

केयूरची तब्येत कशी आहे? मागच्या खेपेला फारच उतरलेला वाटला. त्याला वेळेवर जेवायला घाल आणि तूही जेव.

तुझी,
आई


रामघाट, वाराणसी
१४ नोव्हेंबर २०२४

मधुरा,

काल तुझा फोन झाल्यापासून मी धड जेवलेले नाही. तूही जेवली नसशील.

फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून आता लिहिते. आधी राग. तुम्ही आम्हाला काशीला पाठवलंत ते आमच्यासाठी नाही, तर आम्ही नसताना वेगळं होऊन घराची वाटणी करता यावी म्हणून. फ्रिज कुणाचा, सोफा कुणाचा, हे म्हाताऱ्यांनी बघू नये म्हणून. दोन वर्षं तुम्ही एकमेकांशी किराण्यापुरतं बोलत होतात आणि दिवाळीला आमच्यासमोर शेजारी बसून फोटो काढत होतात. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी तुला एकटीनं वाढवलं ते काय अशी परक्यासारखी बातमी ऐकायला?

आता तू म्हणतेस तुझं मन मागे फिरतंय. "केयूर सतराला बंगळूरला बदली घेऊन जातोय, त्याआधी तुम्ही दोघं या. तो माझं ऐकत नाही, त्याच्या बाबांचं ऐकतो. विमानानं या, मी तिकीट काढते," म्हणालीस. फोनवर रडत होतीस.

पण मधुरा, आम्ही दोघांनी बसून नीट विचार केला. नवराबायकोच्या मधे म्हाताऱ्यांनी धावत येऊन पडू नये. केयूरला थोडं दूर जाऊ दे, आठवण येऊ दे. आमची परतीची तिकिटं अठराची आहेत. उद्या इथे देवदिवाळी आहे, सगळे घाट दिव्यांनी भरणार, विमानंही भरून गेलीत असं कळलं. आम्ही आलो की चौघं बसून बोलू. धीर धर.

पंचगंगा घाटावर कार्तिकात बांबूला टोपल्या बांधून त्यात पितरांसाठी दिवे लावतात. आकाशदीप. काल आम्हीही लावले. एका बांबूवर तुझ्या बाबांचा, शेजारच्यावर तुझ्या सासूबाईंचा. दोर ओढून वर चढवायचे असतात. माझा मधेच अडकला, तर रत्नाकररावांनी हात लावला. दोन्ही दिवे बराच वेळ जळत होते. तू शाळेत असताना बाबा गेले, त्यानंतर त्यांच्यासाठी मी काही केलं आणि रडले नाही, असं पहिल्यांदाच झालं.

घाई करून सही वगैरे करू नकोस.

आई


सांगली
१० डिसेंबर २०२४

मधुरा,

नवीन फोन घेतला. तुला लावला तर लागत नाही, आणि तुझ्या नावापुढे फोटोच्या जागी करडा माणूस दिसतो. समोरच्या बकुळनं सांगितलं, "काकू, ब्लॉक केलं की असं दिसतं." तिच्यापुढे मी हसले. म्हटलं, नेटवर्क नसेल.

कालिंदीवहिनींना बोल लावू नकोस. खोली तू बुक केलीस म्हणून त्यांच्याकडे तुझाच नंबर होता. त्या बिचारीनं भलेपणानं विचारलं, "तुमच्या आईच्या हिरव्या बांगड्या खिडकीतच छुटून गेल्या, पाठवू का? आणि आईबाबांची जोडी मोठी प्यारी आहे हो." तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. विधवा आईच्या हिरव्या बांगड्या, आणि बाबा कोण, तर सासरे.

तर आता ऐक, बाकी कुणाकडून ऐकण्यापेक्षा. गंगापूजनाला गुरुजींनी आम्हाला जोडपं समजून बसवलं. एकत्र आलेले, एका वयाचे, एकमेकांना जेवायला हाक मारणारे. त्यांची काय चूक? संकल्पाच्या वेळी म्हणाले, "पत्नीनं यजमानांच्या उजव्या हाताला हात लावावा." रत्नाकररावांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला हवं होतं. मी हात लावला. पूजा झाल्यावर कालिंदीवहिनी कुंकवाची कोयरी घेऊन आल्या, माझ्या कपाळाला लावलं, हातात बांगड्या चढवल्या आणि खण-नारळानं माझी ओटी भरली. तुझे बाबा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. लग्नामुंजीत बायका माझ्यापर्यंत येतात आणि हळदीकुंकवाचं ताट दुसऱ्या बाजूला वळवतात, तुझ्या स्वतःच्या लग्नात वळवलं होतं. त्या दिवशी वळलं नाही. म्हणून मी पदर पुढे केला. याची मला लाज वाटत नाही.

निघायच्या दिवशी बांगड्या काढून ठेवल्या, त्या राहिल्या. त्या नेसत्या साडीत लपवून आणल्या असत्या तर तुझ्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं.

पण तू मला दारात उभं ठेवून जे बोललीस ते मी विसरणार नाही. आम्ही पुण्यात आलो तोवर केयूर गेलेला, तू खोक्यांच्या मधे उभी. रत्नाकरराव म्हणाले, "आमचं दोघांचं ठरलं होतं थांबायचं, चूक माझी."  तेवढ्यात वहिनींचा बांगड्यांचा फोन आला आणि तू मला म्हणालीस, "तुला माझं लग्न मोडायलाच हवं होतं." कुठल्या आईला असं वाटेल? तूच सांग. मला असं कधी वाटलेलं नाही. देवाशपथ नाही.

आई


रामघाट, वाराणसी
२ एप्रिल २०२५

मधुरा,

तू उत्तर देत नाहीस हे ठाऊक असून लिहिते. मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे घेतेस तरी.

मी काशीत आहे. रत्नाकरही आहेत. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. सांगलीत मला भाजीवालीपासून सगळ्यांनी हसून विचारून झालं. नाशिकला त्यांच्या भावकीनं त्यांना पंगतीतून उठवलं नाही एवढंच. केयूर बापाशी बोलत नाही, तू आईशी बोलत नाहीस. मग विचार केला, आपल्याला जोडीनं बघून कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही असं जगात एकच ठिकाण आहे, तिथे जाऊ.

पण खोट्यावर राहायचं नाही, असं रत्नाकरनी गाडीतच बजावलं. आल्याबरोबर त्यांनी गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. कालिंदीवहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, पहिलेच बताऊन द्यायचं ना! मी तर ओटी भरून टाकली तुमची." मग दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आल्या. "जाऊ द्या. गंगामैय्यानं पाहिलं, तिला चालतं तर आम्ही कोण? पण खोल्या दोन घ्याव्या लागतील. हे पुरोहिताचं घर आहे, लोक येतात-जातात."

तर खोल्या दोन आहेत. त्यांची खाली, माझी गच्चीला लागून. बांगड्या वहिनींनी परत दिल्या नाहीत, मी मागितल्याही नाहीत. एकच जागा होती जिथे आम्ही चुकून नवराबायको होतो, तीही खरं बोलून घालवली.

तरी दिवस बरे जातात. सकाळी ते कचोरी आणायला जातात, मी त्यांना हळूहळू जा म्हणून वरून ओरडते, अख्खी गल्ली वर बघते. दुपारी पेपरातली कोडी. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या नावांना नंबर देतो, ही मिरज, ही इस्लामपूर, ही विनाथांबा स्वारगेट. त्यांना आता मीच स्टँडवरची सगळी वेळापत्रकं शिकवलीत. कारलं अजून सोडलेलंच आहे. मी रोज भांडते, आणि रोज हरते.

तुमचा अर्ज मार्चमध्ये दाखल झाला, संमतीनं, आणि सप्टेंबरात निकाल लागेल, असं ऐकलं. तू कुणाला तरी म्हणालीस म्हणे, "त्या दोघांनी लग्न केलं तर मी आणि केयूर बहीणभाऊ होऊ, मग कोर्टाचीही गरज नाही." तुझी जीभ माझ्यावर गेलीय. ऐकून मला हसू आलं आणि मग त्या दिवशीचं कोडं तसंच टाकून उठले.

आम्ही निकाल लागेपर्यंत थांबणार आहोत. निकालानंतर ते माझे व्याही नाहीत, मी त्यांची विहीण नाही. मग कुणाला काही म्हणायला जागा नाही. वाईट दिसतं हे लिहिताना, कळतं मला. आई लेकीच्या काडीमोडाच्या तारखेकडे डोळे लावून बसलीय. पण लपवून काय करू? तू तसंही हेच समजतेस.

उन्हाळा इथे कडक. तू पाणी पीत जा.

आई


रामघाट, वाराणसी
२९ ऑगस्ट २०२५

मधुरा,

रत्नाकर गेले. सोमवारी सकाळी. केयूर म्हणाला की तुला कळवलंय, म्हणजे ही बातमी म्हणून लिहीत नाही.

गंगेला पूर आहे, घाट दिसतच नाहीत, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय. मी म्हटलं होतं, आज नका जाऊ, चिखल आहे. म्हणाले, "कचोरी आणि माझ्यामधे तुम्ही येऊ नका, विहीणबाई." दुकानापाशीच बसले ते उठले नाहीत. शुगर असलेल्या माणसाला छातीत कळसुद्धा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. द्रोण हातातच होता असं दुकानदार सांगत होता.

दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, "आप कौन लगती हैं इनकी?" मी विहिणीसाठीचा हिंदी शब्द सांगितला, "समधन." त्यानं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "बेटे को बुलाइए. किसी सगे को." त्याचं बरोबर होतं. मी सगी कुठे होते? मग बाकावर बसून राहिले, केयूर बंगळूरहून येईपर्यंत. त्यांची चप्पल माझ्या पिशवीत होती, एवढीच मला दिली होती.

केयूरनं मला बघितलं. मग म्हणाला, "आई, बाबांचा चष्मा कुठंय?" अजून आईच म्हणतो गं. चष्मा माझ्या खोलीत होता, कोडं सोडवताना राहिलेला. तो द्यायला गेले आणि द्यावासा वाटेना. पण दिला.

पुरामुळे मणिकर्णिकेला वरच्या गच्चीवर अग्नी देतात. बायकांनी जायचं नाही, असं कालिंदीवहिनी म्हणाल्या. मी आमच्या गच्चीवरून तिकडे बघत बसले. एकामागून एक इतके धूर होते, त्यांतला कुठला त्यांचा तेही कळायला मार्ग नव्हता. ओरडून हाक मारावीशी वाटली, तेव्हा मारली होती तशी. तोंडावर पदर धरून बसले.

संध्याकाळी गुरुजी अंगणात केयूरला सगळं समजावत होते. दहावा नाशिकला रामकुंडावर करायचा, तोवर काय पाळायचं, कुणी पाळायचं. म्हणाले, "तुम्हाला दहा दिवस. सुनेला दहा दिवस. भावकीला दहा." केयूर म्हणाला, "आमची केस चालू आहे, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "निकाल लागला का?" "नाही, पुढच्या महिन्यात." "मग सून आहे. तिला सुतक आहे."

मी जिन्यात उभी होते. न राहवून विचारलं, "आणि मला, गुरुजी?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. दुष्ट माणूस नाही, डोळे भरलेले होते त्यांचे. पण म्हणाले, "तुम्हाला कशाचं, ताई? व्याह्याचं सुतक नसतं. विहिणीला काहीच लागत नाही." पुढे म्हणाले, "ते दवाखान्यातून परस्पर गेले, त्यामुळे घरालाही नाही. परवा गणपती बसेल आपला."

मधुरा, मला कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं.

केयूर अस्थी गंगेत सोडून नाशिकला गेला. आणि बुधवारी घरात गणपती बसला. घर आनंदात, ते बरोबरच आहे, वर्षाचा सण आहे. कालिंदीवहिनींनी सकाळी हाक मारली. "ताई, मोदकाला हात लावा ना जरा, माझ्या पाऱ्या फाटतात. तुम्हाला तर चालतं." चालतं! मी अंघोळ करून सोवळ्यात बसले आणि मोदक वळले. रत्नाकरना जाऊन दोन दिवस झालेले. माझ्या हाताला कसला विटाळ नव्हता, त्यामुळे थांबायला काही कारणही नव्हतं. मग आरती. गुरुजी म्हणाले, "सुरेखाताईंनी उचलू द्या, आवाज आहे त्यांचा." मी म्हटली. सगळ्या आरत्या म्हटल्या, पुष्पांजलीपर्यंत. आवाज एकदाही फुटला नाही. माइकपुढे इतकी वर्षं घालवून त्याला सवय झालीय, घरी काय झालंय ते त्याला कळत नाही. मग वहिनींनी पानात मोदक वाढले, तूप घातलं, आणि "घ्या ना, गोड खा" म्हणाल्या. मी खाल्ला.

सुतक हा बायकांना छळायचा प्रकार, असं मी आजवर म्हणत आले. तुझे बाबा गेले तेव्हा कोपऱ्यात बसून दिवस मोजले, राग यायचा. आता कळतं, त्या दिवसांत कुणी तुला काम सांगत नाही. सण कर म्हणत नाही. आरती म्हण म्हणत नाही. लोक लांबून बघतात आणि म्हणतात, हिचं कुणीतरी गेलंय. मला एवढंच हवं होतं.

त्या दुपारी कालिंदीवहिनींच्या फोनवर तुझा फोटो दिसला. त्यांना तू ब्लॉक केलेलं नाहीस. नाकात नथ, हातात मोदकांचं ताट, मागे गणपती. नवीन फोटो आहे, मखर नवीन आहे. म्हणजे कळूनही तू सुतक धरलं नाहीस. तुझी चूक नाही, तुझ्या दृष्टीनं ज्या माणसानं तुझा संसार वाचवायच्या वेळी घाटावर दिवे बघितले, त्याचं सुतक तू का धरावंस?

म्हणून आता जे लिहायचं ते लिहिते.

त्यांना माहीत नव्हतं, मधुरा.

तुझा फोन आला तेव्हा ते अंघोळीला गेले होते. फोन त्यांचा, उचलला मी. तू म्हणालीस, बाबांना सांग, त्यांना घेऊन ये. मी हो म्हटलं. ते ओल्या केसांनी बाहेर आले, विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "मधुराचा, सहज." मग तू पुन्हा लावू नयेस म्हणून फोन बंद करून माझ्याकडेच ठेवला, त्यांना म्हटलं बिघडलाय. आम्ही दोघांनी बसून विचार केला, असं मी तुला लिहिलं ते खोटं. विमानं भरलीत तेही खोटं, मी विचारलंच नव्हतं. परतीच्या गाडीत, इटारसीच्या अलीकडे, मी त्यांना सांगितलं. इटारसी आल्यावर ते उतरून प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. गाडी हलली तेव्हा कुठे चढले. एवढंच म्हणाले, "मला विचारायला हवं होतंत. मी गेलो असतो." आणि तरी तुझ्या दारात उभं राहून म्हणाले, आमचं दोघांचं ठरलं होतं, चूक माझी. मी शेजारी उभी होते. मी बोलले नाही. तू त्यांना वाईट समजत राहिलीस आणि मी तुला समजू दिलं, कारण मग निम्माच राग माझ्या वाट्याला येत होता.

का नाही सांगितलं, ते तू विचारशील. तुम्ही दोघं पुन्हा एक झालात, तर मी जन्मभर त्यांची विहीण. सणावारी समोरासमोर बसायचं, मानाचं पान घ्यायचं, आणि आपापल्या गावाला जायचं. चार दिवसांपूर्वी माझी ओटी भरली होती. माझ्या मनात आलं, मोडू दे. तुझं रडणं कानात असताना आलं. मागे मी देवाची शपथ घेतली ती खोटी होती, तू बोललीस ते खरं होतं.

माफी मागत नाही. ती तू द्यावीस असं मला वाटत नाही. एक दुसरं मागते.

तुझं लग्न मोडावं असं ज्या बाईच्या मनात आलं, तिला आज ते अजून मोडलं नाही म्हणून देवाचे आभार मानावेसे वाटतात. कारण पुढच्या महिन्यापर्यंत तू त्यांची सून आहेस. माझ्या रक्ताचं असं एकच माणूस आहे ज्याला त्यांचं सुतक लागतं. दहावा बुधवारी आहे. हे पत्र पोचेल तेव्हा एक-दोन दिवस उरले असतील, बातमी उशिरा कळली तर उरलेले दिवस धरतात, तसे धर. देवाला हात लावू नकोस. गोड करू नकोस. ऑफिसात कुणी विचारलं तर सांग, सासरे गेले. त्यांच्यासाठी धर, त्यांनी तुझं काही वाईट केलं नव्हतं. आणि थोडं माझ्या वाटचं धर.

तो मोदकांचा फोटो काढून टाक. मी वहिनींच्या फोनवर बघेन. तेवढ्यावरून समजेन.

आई


रामघाट, वाराणसी
२ सप्टेंबर २०२५

मधुरा,

उद्या दहावा. इथे गौरी आज गेल्या.

टपालाच्या पावतीवरचा नंबर घालून बघितला. माझं पत्र अजून पुण्यात वाटपाला निघालेलं नाही. म्हणजे तू ते वाचलेलं नाहीस.

पण आज सकाळी कालिंदीवहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुमच्या मुलीची फोटो गायब झाली हो." त्यांनी फोन पुढे केला. नथ नाही, ताट नाही. करडा माणूस.

फोटो काढून टाकला तर असंच दिसतं. ब्लॉक केलं तरी असंच दिसतं, हे मला सांगलीपासून ठाऊक आहे. वहिनी म्हणाल्या, "फोन लावून पाहू का?" मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला. लागला नसता तर कळलं असतं, आणि मला कळायला नको आहे.

मी वहिनींना सांगितलं की माझ्या मुलीला सुतक आहे, तिचे सासरे गेलेत. त्या म्हणाल्या, "हो का? मग बरोबर." आणि भाजीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. कारली होती. मी चिरून दिली.

आई